भाव आणि भावी

शेअरदलालाने राजकारणात जावे की जाऊ नये, या विषयावर महाराष्ट्रात अजून परिसंवाद झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तो व्हावा इतका विषय गंभीर आहे असे मलाही वाटत नव्हते. पण आमचे मेहुणे सांगलीत शेअरदलाल आहेत आणि एके वर्षी त्यांना नगरसेवक व्हावेसे वाटले. त्या एका वर्षात या विषयाचा माझा जेवढा अभ्यास झाला, तेवढा बी.कॉम.ची तीन वर्षे मिळून एकाही विषयाचा झाला नव्हता.

मेहुणे म्हणजे हिचे थोरले बंधू. घरीदारी सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणतो. ते मला एरवी नावाने हाक मारतात. 'जावईबापू' म्हणाले की समजावे, पैशाचा विषय निघणार.

मी मूळचा साताऱ्याचा, बँकेत कारकून. बँकेने उचलून सांगलीला टाकले तेव्हा साताऱ्यातल्या मंडळींनी मला परदेशी निघाल्यासारखा निरोप दिला. वास्तविक ही दोन गावे शेजारशेजारच्या जिल्ह्यांतली. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा संसार मांडला गेला आणि १९६० साली त्याचे सांगली असे बारसे झाले. वाटणी होऊन इतकी वर्षे लोटली, पण स्वभावातला फरक मात्र आधीपासूनचाच असणार. सातारकर पैसे मिळाले की मुदत ठेवीत टाकतो, पावती कपाटात ठेवतो आणि संध्याकाळी अजिंक्यताऱ्याकडे बघत बसतो. सांगलीकराचे पैसे असे स्वस्थ बसत नाहीत. हळदीच्या पेठेत वाढलेली माणसे ती! हरिपूरला जमिनीखाली पेवे खणायची, त्यांत हळद ठेवायची आणि भाव चढेपर्यंत वाट बघायची, हा इथला जुना धंदा. त्यात वायद्याचे व्यवहार. हळद अजून मातीत आहे, तिला कोणी पाहिलेले नाही, पण तिचे तीन मालक बदललेले आहेत, ही गोष्ट इथल्या पोरालाही समजते. मला ती समजायला बी.कॉम. व्हावे लागले, आणि तरी पूर्ण समजली असे नाही.

अशा गावात दादा शेअरदलाल झाले यात नवल नाही. गणपती पेठेत एका जिन्याखाली त्यांनी दुकान मांडले तेव्हा शेअर म्हणजे खरोखरीचा कागद होता. ट्रान्स्फर डीड भरायचे, सही जुळली नाही म्हणून ते परत यायचे, पुन्हा भरायचे. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची सही तर तीन महिन्यांत बदलते. दादा त्यांच्याशेजारी बसून जुनी सही समोर धरत आणि "काका, तो 'र' जरा पोटातून वाकवा," असे शुद्धलेखन घालून घेत. पुढे डीमॅट आले, कागद गेला, खुर्चीसमोर संगणक आला. पण गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसायची सवय राहिली. कोणाच्या घरात किती माणसे, कोण आजारी, कोणाचा मुलगा पुण्यात, कोणाची आई माडीवर झोपून असते, हे दादांना कंपनीच्या ताळेबंदाइतके पाठ.

मग २००८ साल आले. जानेवारीत निर्देशांक एकवीस हजारांवर होता, ऑक्टोबरात तो आठ-नऊ हजारांवर येऊन आपटला. लोकांनी दादांच्या तोंडावर, नुसत्या शब्दावर, उधारीने सौदे केले होते. नफा असेपर्यंत ते 'माझे सौदे' होते. तोटा झाल्यावर ते 'तुमचे सौदे' झाले. मुंबईच्या बड्या दलालाला गिऱ्हाईक कोण याच्याशी कर्तव्य नसते. त्याने दादांकडे बोट केले. दादांनी गाडी विकली, वहिनींच्या पाटल्या विकल्या, आणि सगळे भरले. एकाच्याही दारात वसुलीला गेले नाहीत. फक्त एक लाल कापडी बांधणीची वही केली आणि तीत प्रत्येकाचे नाव, पत्ता आणि येणे लिहून ठेवले. ही वही लक्षात ठेवावी, तिचे पुढे काम आहे.

२०१८ साली सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची निवडणूक लागली. दादा एका रविवारी आमच्या विश्रामबागेतल्या घरी आले आणि म्हणाले, "जावईबापू, उभा राहतोय."

मी आधी खुर्ची पुढे केली. मग अर्थ लक्षात आला.

त्यांचा हिशेब असा होता. वॉर्डात आपण घरोघर माहीत. निम्म्या वॉर्डाकडे आपले येणे आहे. दहा वर्षांत आपण कोणाला एका शब्दाने बोललो नाही. ही माणसे मत देणार नाहीत तर कोण देणार?

बँकेतला माझा अनुभव याच्या नेमका उलटा आहे. ज्याचा हप्ता थकतो तो आम्हाला बघून गल्ली बदलतो. पूर्वी मानाने नमस्कार करणारा माणूस कर्ज थकल्यावर आमच्या अंगावरून कापडदुकानातल्या पुतळ्यांकडे बघत निघून जातो. उपकार माणूस एक वेळ विसरेल, पण उपकाराची रक्कम विसरत नाही, आणि ती आठवली की त्याला उपकार करणाऱ्याचे तोंड बघवत नाही. हे मी दादांना सांगितले. ते म्हणाले, "तुम्ही बँकवाले. तुम्हाला माणूस दिसत नाही, खातं दिसतं."

मग मी इतिहासाकडे वळलो. घरातल्या वादात आपली बाजू लंगडी पडायला लागली की मी इतिहासाकडे वळतो.

पहिला दाखला काढला तो डेव्हिड रिकार्डोचा. कॉमर्सच्या मुलांना हा गृहस्थ खंडाच्या सिद्धांताखाली भेटतो आणि वीसपैकी नऊ मार्कांवर सोडतो. पण हा माणूस मुळात लंडनचा शेअरदलाल होता, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईआधी त्याने सरकारी कर्जरोखे घेतले आणि लढाई जिंकल्यावर अमाप पैसा केला. त्यात त्याचा मित्र माल्थस याचाही थोडा हिस्सा होता. लोकसंख्येवर लिहिणारा तोच माल्थस. त्या बिचाऱ्याला झोप येईना. त्याने आधीच 'माझे विकून टाक' असे कळवले आणि किरकोळ नफ्यावर समाधान मानले. तो मूळचा साताऱ्याचा असावा. पुढे १८१९ साली रिकार्डो पार्लमेंटात गेला. कसा? आयर्लंडातल्या पोर्टारलिंग्टन नावाच्या गावाची जागा पैसे मोजून घेतली. मतदार जेमतेम डझनभर. त्या गावात तो जन्मात एकदाही गेला नाही.

"म्हणजे दलाल निवडून येतो," दादा म्हणाले.

"येतो, पण रोखीने."

दुसरा दाखला प्रेमचंद रायचंदांचा. हे आपल्या मुंबईचे. १८६० नंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि आलेल्या पैशाचे काय करावे ते मुंबईला कळेना. म्हणून कंपन्या निघाल्या. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद हे त्या साऱ्या खेळाचे राजे. ते कोणत्या पालिकेत निवडून गेले नव्हते; जायची गरजच नव्हती. शहर त्यांच्या दिवाणखान्यातच बसलेले असे. १८६५ साली युद्ध संपले आणि १ जुलैला वायदे पुरे करायचा दिवस आला तेव्हा मुंबईत कोणाकडे कोणाला द्यायला काही नव्हते. बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण घेऊन पैसे वाटले होते. ती बँक १८६८ साली गुंडाळली आणि लगेच त्याच नावाची नवी बँक काढली. (आमच्या पिढीत बँका विलीन होतात तेव्हा निदान पाटी तरी बदलतात.) पण प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला जो पैसा दिला होता, त्यातून उभा राहिलेला मनोरा, आईच्या नावाचा राजाबाई टॉवर, १८७८ साली पुरा झाला आणि अजून वेळ दाखवतो आहे. प्रेमचंदांचे चरित्र लिहिले ते दिनशा वाच्छांनी, म्हणजे मुंबई म्युनिसिपालिटीत हयात घालवलेल्या माणसाने. तात्पर्य, दलालाने दलाली करावी आणि म्युनिसिपालिटीतल्या माणसाने त्याचे चरित्र लिहावे, अशी कामाची वाटणी त्या काळी होती.

दादा म्हणाले, "मुंबईचं सोडा. आपल्या भागातलं बोला."

आपल्या भागातले म्हणजे मला आधी १९९२ आठवले. रोखे घोटाळ्यात मुंबईतल्या मोठमोठ्या नावांच्या रांगेत एकदम आमच्या जिल्ह्याचे नाव आले. बँक ऑफ कराड! जवळ रोखे नसताना रोखे असल्याच्या पावत्या तिने दिल्या होत्या. ती बँक त्याच वर्षी अवसायनात निघाली आणि १९९४ साली तिचा कारभार बँक ऑफ इंडियाकडे गेला. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या शांत गावाचे नाव दलाल स्ट्रीटवर असे गाजेल, हे प्रीतिसंगमावर फिरायला जाणाऱ्या एकाही पेन्शनराला स्वप्नात आले नसेल. पण हा विषय मी आवरता घेतला. कारण '९२' म्हटले की दादा हळवे होतात आणि सिमेंटच्या एका शेअरची गोष्ट सांगतात. ती मी अकरा वेळा ऐकली आहे.

मग मी माझा हुकमी पत्ता टाकला. सर धनजीशा कूपर. आमच्या साताऱ्याचे पारशी गृहस्थ. शेअरदलाल नव्हेत, पण धंद्यातून गावकारभारात आणि गावकारभारातून थेट मुंबईच्या गादीवर गेलेला असा माणूस आमच्याकडे दुसरा नाही. त्यांच्या कारखान्यातला लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या तोंडी होता. किर्लोस्करांचा घ्यावा की कूपरचा, यावर बांधाबांधावर वाद चालत. धंद्यात जम बसल्यावर कूपर नगरपालिकेत, जिल्हा लोकल बोर्डात, मग मुंबईच्या कायदेमंडळात, असे पायरीपायरीने चढले. ब्राह्मणेतर पक्षाचे ते पुढारी. १९३७ साली नव्या कायद्याने निवडणुका झाल्या. काँग्रेस सर्वात मोठा पक्ष ठरली. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत असे आश्वासन मिळेपर्यंत ती मंत्रिमंडळ बनवायला तयार होईना. खुर्ची तर रिकामी ठेवता येत नाही. तेव्हा १ एप्रिल १९३७ ला कूपरसाहेब मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. बहुमत नव्हतेच. शेअर हातात नसताना मंदीवाला ते विकून ठेवतो, तशातला हा सौदा. जुलैत काँग्रेस तयार झाली, वायद्याचा दिवस उगवला आणि बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. कूपर यांचा कारभार जेमतेम साडेतीन महिन्यांचा.

"बघा," मी म्हणालो, "एवढा कर्तबगार माणूस. आजही लोक नांगर सांगतात, मंत्रिमंडळ कोणाला आठवत नाही."

दादांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "साडेतीन महिने? साडेतीन महिन्यांत शेअर दुप्पट होतो, जावईबापू."

दुसऱ्यांदा 'बापू' म्हटल्यावर मी सावध झालो. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. मुद्रांकावर छापलेले हक्कसोडपत्र. गावभागातले सासऱ्यांचे जुने घर आई, दादा आणि ही अशा तिघांच्या नावावर होते. हिने हक्क सोडला, आईने अंगठा दिला, की घर गहाण टाकता येणार होते. निवडणुकीला पैसा लागतो. फ्लेक्स, जीपगाड्या, कार्यकर्त्यांची जेवणे. आणि, दादांनी आवाज खाली आणून सांगितले, शेवटच्या दोन रात्री जे काही लागते ते.

"तू फक्त सही कर," ते हिला म्हणाले. "निवडून आलो की सोडवतो."

मी गप्प बसलो. एकतर ते घर माझे नव्हे; दुसरे, तारण या विषयावर मी घरी बोललो की ही मला "इथे काउंटर नाही" असे म्हणते. पण छातीत धडधडत होते हे खरे. त्या घरात सासूबाई एकट्या राहत होत्या. सकाळी उठून नदीकडच्या खिडकीत बसायचे आणि पाणी किती चढले-उतरले ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, हाच त्यांचा दिवस. घर गहाण म्हणजे ती खिडकी गहाण.

हिने कागद वाचला. आमच्या घरात कागद सावकाश वाचणारी तीच. मी बँकेत असल्यामुळे न वाचता सही करायची मला सवय आहे. वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला.

"दादा, त्या वर्षी वहिनीच्या पाटल्या गेल्या तेव्हा मी विचारलं का काही?"

"नाही."

"का नाही विचारलं?"

दादा बोलले नाहीत.

"लोकांना द्यायचे होते म्हणून. तेव्हा तू म्हणाला असतास तर मी याच्यावर सही केली असती, आणि माझ्यापण बांगड्या काढून दिल्या असत्या. आता कुणाचं देणं लागतोस तू? उलट लोकच तुझं लागतात. आणि त्यांनाच रात्री जाऊन आणखी पैसे वाटायचे? आईच्या घरावर काढून?"

तिने कागदाची घडी घातली आणि दादांना परत न देता आपल्या कपाटात ठेवली. "इथं राहू दे. तुझ्याकडे राहिला तर तू आईचा अंगठा घेशील."

दादा चहा न घेता गेले. त्यानंतर महिनाभर दोन्ही घरांत बोलणे नव्हते. सासूबाई फोनवर मला फक्त पाण्याची पातळी सांगत.

दादा तरीही उभे राहिले. अपक्ष, पदरच्या पैशांत. चिन्ह मिळाले कपबशी. त्या वेळी एकेका प्रभागातून चार-चार नगरसेवक निवडायचे होते. मतदाराने चार बटणे दाबायची. पक्षवाल्यांचे चौघाचौघांचे पॅनेल, आणि त्यांत हे एकटे, सेट फुटून उरलेल्या कपासारखे. बँकेच्या नियमाने मला प्रचार करता येत नाही, हे मला किती वर्षांनी उपयोगी पडले म्हणून सांगू! ही मात्र बोलणे नसतानाही पदर खोचून घरोघर पत्रके वाटून आली. सही नाही म्हणजे नाही, पण भाऊ तो भाऊ.

निकाल लागला. दादांचे डिपॉझिट गेले. 'डिपॉझिट जप्त' हे शब्द ऐकले की मुळातच माझ्या पोटात गोळा येतो. हे तर घरातले होते. वहीतली नावे जास्त होती आणि मते कमी. दादांनी रात्री वही काढून दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिले. मी बँकवाल्याच्या तोंडाने काही बोललो नाही.

पुढच्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टात, कृष्णा घरात आली. २००५ चा पूर लोकांनी पाहिला होता, त्याच्या खुणा भिंतींवर होत्या, आणि 'त्याच्या वर काही जात नाही' असे सगळे एकमेकांना सांगत होते. आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. सासूबाईंना आम्ही आदल्या दिवशी विश्रामबागेत आणले होते, ते त्यांच्या खिडकीमुळेच. "हे पाणी निराळं आहे," त्या म्हणाल्या, आणि स्वतः पिशवी भरून बसल्या. पण गावभागात माणसे माड्यांवर अडकली. तिकडे ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेल्याची बातमी आली आणि बोटीत पाय टाकायलाही लोक घाबरू लागले.

बचावाच्या बोटी आल्या त्या बाहेरगावच्या. चालवणाऱ्यांना गल्ल्या माहीत नाहीत. गल्ल्या दिसतच नव्हत्या म्हणा. तेव्हा दादा लाल वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोटीत चढले. वहीत नावे होती, पत्ते होते. कोणत्या माडीवर म्हातारी झोपून आहे, कोणाला साखरेचे इंजेक्शन लागते, हे वहीत नव्हते, डोक्यात होते. तीन दिवस ते पान उलटत आणि बोट वळवत फिरले. कॉर्पोरेशनमध्ये त्या वेळी अठ्ठ्याहत्तर नगरसेवक होते. त्यांतले पुष्कळजण पाण्यात उतरले, नाही म्हणणार नाही. पण कोणाकडे अशी यादी नव्हती.

दादांनी नंतर सांगितलेली एक हकीकत. एका पत्र्यावर बाप, लेक आणि आजी बसलेली. बाप म्हणजे वहीतले पान नंबर सतरा. दहा वर्षे दादांना बघून गल्ली बदलणारा. बोट जवळ येताना त्याने दादांना ओळखले आणि सवयीने इकडेतिकडे बघितले. पण बदलायला गल्ली कुठे होती? ती तर पंधरा फूट पाण्याखाली. शेवटी हात जोडून म्हणाला, "दादा, दिवाळीपर्यंत नक्की देतो."

"आधी आजीला द्या," दादा म्हणाले.

पाणी उतरल्यावर पंचनामे आले. सासूबाईंच्या घरातले काय काय गेले त्याची यादी लगेच पाहिजे होती, आणि त्या घरात कोरडा कागद म्हणून नव्हता. हिने आमच्याकडून एक घडीचा कागद आणला, उलटा केला आणि सासूबाई सांगतील तसे लिहीत गेली. पिठाचा डबा एक. पितळी पातेली चार. शिवणयंत्र. देवांचा चौरंग. दादा शेजारी उभे होते. त्यांनी कागद सहज पालटला, वरचा मुद्रांक बघितला, परत पालटला आणि म्हणाले, "खलबत्ता राहिला. लिही."

२०२३ साली महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. एका दिवसात सगळे नगरसेवक माजी झाले, आणि जे माजी नव्हते ते भावी झाले. चौकाचौकांत 'भावी नगरसेवक' असे फ्लेक्स लागले. दादांनी लावला नाही. पण एके सकाळी त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फोटो झळकला. लग्नातला असावा, कारण कोपऱ्यात कोणाचा तरी फेटा येत होता. खाली शुभेच्छुक म्हणून पान नंबर सतराचे नाव.

मी अभिनंदनाला गेलो तेव्हा दादा वही उघडून बसले होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "जावईबापू, या साइजच्या फ्लेक्सला काय पडत असेल हो?"

"का?"

"त्याच्या खात्यातनं वजा करायचे."